भीड आणि सही

१९९६ च्या मार्चअखेरीस सिल्वासाजवळच्या एका धाग्याच्या कारखान्यात मी स्टॉक मोजायला गेलो होतो. सीएच्या आर्टिकलशिपचं दुसरं वर्ष. आदल्या संध्याकाळी फ्लाइंग राणीनं वापीला उतरलो, रात्री लॉजवर झोपलो आणि सकाळी शेअर रिक्षानं गोदामाच्या दारात हजर झालो. आत टेक्श्चराइज्ड पॉलिएस्टर धाग्याचे खोके पार छतापर्यंत रचलेले. प्रत्येकावर चिठ्ठी: डेनियर, लॉट नंबर, बॉबिन किती, ढोबळ वजन, निव्वळ वजन. एक खोका साधारण तीस किलोचा. काम सोपं होतं. आडवे किती, उभे किती, आत रांगा किती, त्यांचा गुणाकार करायचा आणि स्टोअरकीपरच्या यादीशी ताडून टिक मारायची. ‘मधल्या रांगेतला एखादा खोका बघू या,’ असं मी म्हणालो, तेव्हा त्यांनी एका हमालाला वर चढवलं. जवळच्याच पाड्यावरचा तरुण मुलगा. त्यानं पुढचे दोन खोके छातीशी धरून, गुडघे वाकवून, एकेक करून खाली उतरवले. तिसरा, आतला, त्यानं एका हातानं बाजूला सारला.

मी ते पाहिलं. मी पाहिलंय हे स्टोअरकीपरांनीही पाहिलं. पन्नाशीचे गृहस्थ, मूळचे रत्नागिरीकडचे. सकाळपासून माझ्याशी घरच्यासारखं मराठीत बोलत होते. त्यांनी त्या दिवशी दोन डबे आणले होते, एक माझ्यासाठी. ‘चला, आधी जेवून घेऊ, मग बघू,’ ते म्हणाले. आम्ही जेवलो. मग बघितलं नाही. मोजणीच्या कागदावरचा ‘शेरा’ हा रकाना मी कोरा ठेवला आणि मुंबईला परतल्यावर साहेबांनाही काही सांगितलं नाही.

मला कोणी पैसे देऊ केले नव्हते, कोणी दमही दिला नव्हता. ऑडिटरच्या नीतीबद्दल जगभर जे लिहिलं गेलंय ते पुढे बरंच वाचलं, तेव्हा प्रत्येक वेळी तो एका हातानं सरकवलेला खोका त्यात कुठे बसतो हे शोधत राहिलो. हा आढावा त्या शोधातूनच लिहिला आहे.

सिल्वासाचं नाव मराठी माणसाला पहिल्यांदा आठवतं ते १९५४ मुळे. त्या वर्षी जुलैत दादरा, मग नरोली आणि २ ऑगस्टला सिल्वासा पोर्तुगिजांच्या हातून सुटलं. सुधीर फडके, बाबासाहेब पुरंदरे यांच्यासारखी माणसं त्या मोहिमेत होती. पुढची सात वर्षं वरिष्ठ पंचायतीनं कारभार पाहिला, आणि १९६१ मध्ये दादरा-नगर हवेली हा प्रदेश भारतात रीतसर सामील झाला. १९५४ ला तिकडे गेलेल्यांनी तिथे चालू असलेला कायदा मोडला होता, कारण त्याहून मोठं काहीतरी त्यांना खरं वाटत होतं. हे इथे सांगतो आहे, कारण थोड्या वेळानं मानसशास्त्रज्ञ लॉरेन्स कोलबर्गची शिडी येईल आणि तिच्या वरच्या पायऱ्यांवर कोण उभं असतं असा प्रश्न पडेल.

ऑडिटरांचं सिल्वासा मात्र वेगळं आहे. ते करसवलतीनं घडवलं. दादरा-नगर हवेली प्राप्तिकर कायद्याच्या आठव्या अनुसूचीत, म्हणजे औद्योगिकदृष्ट्या मागास प्रदेशांच्या यादीत होती. १९९३ ते २००४ या काळात तिथे उत्पादन सुरू करणाऱ्या कारखान्याला कलम ८०-आयए आणि पुढे ८०-आयबीखाली पहिली पाच वर्षं नफ्यावर शंभर टक्के वजावट मिळे. नंतरची पाच वर्षं कंपनीला तीस टक्के, इतरांना पंचवीस. विक्रीकराच्या सवलती होत्या त्या वेगळ्याच. मसाट, आमली, पिपरिया, रखोली, खडोली इथे शेड उभ्या राहिल्या. धागा, प्लास्टिक, तांब्याची तार असं सगळं तिथे होऊ लागलं. मशिन सिल्वासात, मालक मुंबई किंवा सुरतला, वह्या काळबादेवीत आणि ऑडिटर वापीत नाहीतर मुंबईत. माल जिथे आहे तिथे हिशेब नाही, हिशेब जिथे आहे तिथे माल नाही. ऑडिटरच्या दृष्टीनं ही मांडणीच अवघड आहे, कारण वर्षातून एकदोन दिवस कोणीतरी प्रत्यक्ष जाऊन डोळ्यांनी पाहणं एवढाच त्या दोन टोकांमधला दुवा असतो. आणि तो कोणीतरी बहुधा वीस-बावीस वर्षांचा आर्टिकल असतो.

सवलत मागायची तर सीएनं फॉर्म १०सीसीबी भरून सही करायची. त्यात अटी होत्या. वीज वापरणाऱ्या कारखान्यात किमान दहा कामगार, विजेविना असेल तर वीस. जुन्या धंद्याचे तुकडे करून नवा उभा केलेला नसावा. जुनी यंत्रं एकूण यंत्रसामग्रीच्या वीस टक्क्यांपलीकडे नसावीत. आणि तिथे ‘उत्पादन’ व्हायला हवं. यातल्या शेवटच्या अटीवरून कितीतरी वर्षं वाद चालला: अर्धवट ताणलेल्या धाग्याला, म्हणजे पीओवायला पीळ आणि फुगीरपणा देणं हे उत्पादन आहे का? २०१० मध्ये एम्प्टी पॉलियार्नच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं ते उत्पादन असल्याचा निकाल दिला. तोवर ज्या सीएंनी तसं मानून सही केली, त्यांनी कायद्याचा एक अर्थ धरला होता. त्यात अनीती शोधू नये असं माझं स्पष्ट मत आहे. पण हजेरीपटावर दहा नावं असावीत, सगळ्या सह्या एकाच पेनानं आणि एकाच वळणाच्या अक्षरात असाव्यात, आणि शेडमध्ये मोजली तर माणसं सहा भरावीत, ही गोष्ट कायद्याच्या अर्थाची उरत नाही. आपल्या व्यवसायात या दोन गोष्टींची सरमिसळ फार होते. ‘ग्रे एरिया आहे,’ हे वाक्य मी जितक्या वेळा ऐकलं, त्यातल्या निम्म्या वेळा तरी समोरची गोष्ट लख्ख काळी किंवा पांढरी होती, फक्त बोलायला अवघड होती.

आता सिद्धान्ताकडे. मुलं गोट्या खेळताना नियमांबद्दल काय म्हणतात हे जाँ पियाजे यांनी १९३२ च्या पुस्तकात मांडलं. तो धागा धरून कोलबर्गनं १९५८ मध्ये शिकागो विद्यापीठात प्रबंध लिहिला. दहा, तेरा आणि सोळा वर्षांच्या ७२ मुलग्यांना त्यानं पेचप्रसंग सांगितले. त्यातला हाइन्झचा सगळ्यांना ठाऊक आहे: बायको मरणाच्या दारात, औषधवाला दहापट किंमत मागतो, नवऱ्यानं चोरी करावी का? कोलबर्गला ‘हो’ की ‘नाही’ यात रस नव्हता. मुलगा कारण काय देतो, हे तो पाहत होता. त्या कारणांच्या त्यानं सहा पायऱ्या लावल्या, दोन-दोनच्या तीन टप्प्यांत.

पायऱ्या नुसत्या सांगण्यापेक्षा त्या माझ्या गोदामात नेऊन पाहतो. आतला खोका हलका आहे हे दिसल्यावर ऑडिटर ते लिहितो की नाही, हे बाजूला ठेवू. तो मनाशी कोणत्या शब्दांत बोलतो ते बघू. ‘सापडलो तर लायसन्स जाईल’, ही पहिली पायरी, शिक्षेची. ‘ही पार्टी गेली तर वर्षाची फी जाईल, मी त्यांचं बघतो, ते माझं बघतात’, ही दुसरी, देवाणघेवाणीची. ‘स्टोअरकीपरकाकांना किती वाईट वाटेल, साहेब म्हणतील, पोरानं पार्टीशी संबंध बिघडवले’, ही तिसरी. जवळच्या माणसांच्या नजरेत चांगलं राहण्याची. ‘मोजणीच्या मानकात जे सांगितलंय ते करायलाच हवं, नाहीतर या व्यवसायाला अर्थ काय’, ही चौथी, नियम आणि व्यवस्थेची. ‘या ताळेबंदावर भरवसा ठेवून बँक कर्ज देणार आहे, ते पैसे ठेवीदारांचे आहेत, आणि माझी सही हा त्यांच्याशी झालेला करार आहे’, ही पाचवी. सहावी, सार्वत्रिक तत्त्वांची पायरी कोलबर्गनं मांडली खरी, पण वीस वर्षं त्याच मुलांचा माग काढूनही ती प्रत्यक्षात जवळपास सापडेना, म्हणून त्याच्या सहकाऱ्यांना ती गुणांकनातून वगळावी लागली. एका अर्थानं हा प्रामाणिकपणा मला फार आवडतो.

मी त्या दिवशी कुठे होतो? मला चौथी पायरी पाठ होती. परीक्षेत मी पाचवीवरची उत्तरं लिहिली असती. डबा उघडला तेव्हा मी तिसरीवर होतो.

मराठीत या तिसऱ्या पायरीला एक नेमका शब्द आहे: भीड. भीतीपेक्षा ती वेगळी, कारण समोरचा आपलं काही वाकडं करणार नसतो. लाजेपेक्षाही वेगळी. समोरच्यानं आपल्याशी बरं वागून जी जागा केलेली असते, ती मोडवत नाही, ती भीड. आपली म्हण तिला भिकेची बहीण म्हणते, म्हणजे तिच्या शेवटाबद्दल आपल्या वाडवडिलांना शंका नव्हती. तरी भीड मोडणाऱ्या माणसाला आपण कौतुकानं ‘भीडभाड न ठेवणारा’ म्हणतो आणि त्याला जेवायला बोलवायचं टाळतो.

हिशेबनिसांवर कोलबर्ग लावून बघण्याचं काम अमेरिकेत १९८० नंतर सुरू झालं. त्यासाठी हत्यार मिळालं ते जेम्स रेस्टचं. त्याच्या चाचणीत माणसाला पेचप्रसंग देऊन बारा मुद्दे पुढे ठेवतात आणि महत्त्वाचे कोणते ते क्रमानं लावायला सांगतात. पाचव्या-सहाव्या पायरीच्या मुद्द्यांना जेवढं वजन मिळेल तो त्याचा ‘पी’ गुणांक. मेरी आर्मस्ट्राँग यांनी १९८७ मध्ये ही चाचणी सार्वजनिक हिशेबनिसांवर लावली. त्यांचे गुणांक त्यांच्या शिक्षणाच्या मानानं कमी आले, कॉलेजातल्या विद्यार्थ्यांच्या आसपास. लॅरी पोनेमन यांचं १९९० आणि १९९२ चं काम याहून अस्वस्थ करणारं आहे. फर्ममध्ये नव्यानं आलेल्यांपासून सीनियरपर्यंत गुणांक चढतो आणि मॅनेजर, पार्टनर या पातळीवर उतरतो, असं त्यांना दिसलं. त्यांनी याचं स्पष्टीकरण दिलं ते निवड आणि संस्कार यांतून: फर्मच्या रीतीत जे बसतात तेच वर जातात, बाकीचे आपणहून निघून जातात.

हे निष्कर्ष पुढे अनेकांनी तपासले, काहींना तसेच मिळाले, काहींना मिळाले नाहीत. चाचणीवरही आक्षेप आहेत. एमलर आणि सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये दाखवलं की उजव्या विचारांच्या विद्यार्थ्यांना ‘डाव्या माणसासारखी उत्तरं द्या’ म्हटलं तर त्यांचा गुणांक वर जातो. म्हणजे चाचणी नीतीबरोबर राजकीय कलही मोजत असावी, आणि हिशेबनीस हा स्वभावानं जपून चालणारा प्राणी असल्यानं त्याचा गुणांक मुळातच कमी दिसत असावा. हा आक्षेप मला वजनदार वाटतो. तरीही पोनेमनचा उतार मी विसरू शकत नाही, कारण तो मी पाहिलाय. आर्टिकल असताना जे मित्र चहाच्या टपरीवर प्रत्येक एंट्रीवरून भांडायचे, ते पार्टनर झाल्यावर भांडेनासे झाले. ती वाईट माणसं नाहीत. त्यांच्या डोक्यावर पंधरा पगार आहेत आणि प्रत्येक पार्टीच्या घरच्या लग्नाचं आमंत्रण आहे.

कोलबर्गवर मोठा घाव घातला तो कॅरल गिलिगन यांनी, १९८२ मध्ये. अभ्यास मुलग्यांवरच, शिडी न्यायाची. मग आस्था, काळजी, नातं यांच्या भाषेत बोलणारी बाई आपोआप तिसऱ्या पायरीवर ‘अडकलेली’ ठरते. या टीकेची दखल घेतल्यावाचून भिडेबद्दल बोलता येत नाही. आपल्यासाठी तर त्याहून जवळचा पुरावा आहे. जोन मिलर आणि डेव्हिड बेर्सॉफ यांनी १९९२ मध्ये म्हैसूर आणि अमेरिकेतलं न्यू हेवन इथल्या लोकांना प्रसंग दिले. जिवलग मित्राच्या लग्नाच्या अंगठ्या पोहोचवायच्या आहेत, पाकीट चोरीला गेलंय, दुसऱ्याच्या कोटातलं रेल्वेचं तिकीट समोर आहे. घ्यावं का? म्हैसूरच्या लोकांनी मित्राच्या बाजूनं कौल देण्याचं प्रमाण कितीतरी अधिक होतं. आणि महत्त्वाचं म्हणजे, मित्राला दिलेला शब्द पाळणं ही त्यांच्या लेखी खाजगी आवडनिवड नव्हती, ते कर्तव्य होतं, चोरी न करण्याइतकंच पक्कं. जी गोष्ट कोलबर्गच्या वहीत तिसरी पायरी म्हणून नोंदली जाईल, ती आपल्याकडे धर्म म्हणून शिकवलेली असते. म्हणून सेमिनारमध्ये ‘वैयक्तिक संबंध बाजूला ठेवा’ असं सांगितलं की माणूस मान डोलावतो आणि आत काहीच हलत नाही. त्याला जणू सांगितलेलं असतं, तुझ्यातलं जे चांगलं आहे ते काढून ठेव.

रेस्टनंच १९८६ मध्ये आणखी एक गोष्ट सांगितली, आणि माझ्या मते ऑडिटरांसाठी तीच सगळ्यात कामाची. नैतिक कृती होण्यासाठी चार गोष्टी लागतात: मुळात इथे काही चुकतंय हे दिसणं, काय योग्य ते ठरवणं, बाकी सगळ्यापेक्षा त्याला वरचं स्थान देणं, आणि ते तडीस नेणं. कोलबर्गची शिडी यातल्या दुसऱ्या गोष्टीपुरती. सत्यम असो, मुंबईतल्या सहकारी बँका असोत, ठरवण्यात चूक झाली असं क्वचितच दिसतं. पाहिलंच गेलं नाही, किंवा पाहिल्यावर हात पुढे गेला नाही.

सत्यम बघा. ७ जानेवारी २००९ च्या पत्रात कंपनीचे अध्यक्ष रामलिंग राजूंनी लिहून दिलं की ताळेबंदात दाखवलेल्या ५,३६१ कोटींच्या रोख आणि बँक शिल्लकेपैकी ५,०४० कोटी अस्तित्वातच नाहीत. बँकेकडून शिल्लकेचा दाखला थेट मागवणं हे आर्टिकलला पहिल्या महिन्यात शिकवतात. पत्र ऑडिटरनं पाठवायचं, उत्तर ऑडिटरच्या पत्त्यावर यायला हवं. मधे कंपनीचा हात नको. यात कोणता गहन नैतिक पेच आहे? पण हात मधे येतो, कारण ‘तुम्ही कशाला त्रास घेता, आमचा माणूस बँकेत जातोच आहे,’ असं म्हणणाऱ्या सज्जन फायनान्स मॅनेजरला नको म्हणायला जीभ रेटत नाही. २०१५ मध्ये हैदराबादच्या विशेष न्यायालयानं राजूंबरोबर दोन ऑडिटरांनाही दोषी ठरवलं. पुढे अपिलात शिक्षेला स्थगिती मिळाली.

पीएमसी या सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेनं सप्टेंबर २०१९ मध्ये निर्बंध आणले आणि ठेवीदारांना पहिल्यांदा फक्त एक हजार रुपये काढायची मुभा दिली. एचडीआयएल या बांधकाम समूहाची कर्जं दडवण्यासाठी २१,०४९ बनावट खाती दाखवल्याचं समोर आलं. बँकेच्या व्यवस्थापकीय संचालकांनी रिझर्व्ह बँकेला लिहिलेल्या पत्रात एक वाक्य असं होतं की वेळ कमी असल्यानं ऑडिटर वाढीव कर्जंच तपासत. ते वाक्य वाचून आमच्या व्यवसायातल्या प्रत्येकाच्या पोटात गोळा आला असेल. ऑडिटरला वेळ किती हे ठरवतं कोण? ज्याचं ऑडिट आहे तोच. आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेच्या तिजोऱ्यांत १२२ कोटींची रोकड कमी असल्याचं उघड झालं. रोख मोजणं, यापेक्षा साधं काम ऑडिटमध्ये नाही. नोटांची बंडलं आणि धाग्याचे खोके मला तेव्हापासून एकाच रांगेत दिसतात. पुढून पाहिलं तर सगळे सारखे.

कायदा या सगळ्यावर काय करतो, हे कोलबर्गच्या शिडीवरून वाचलं तर बरंच उलगडतं. २०१३ च्या कंपनी कायद्यातलं कलम ४४७ पहिल्या पायरीशी बोलतं: अपहारात सामील व्हाल तर तुरुंग. कलम १४४ दुसरीशी: ज्याचं ऑडिट करता त्याची हिशेब-लेखनासारखी इतर कामं घ्यायची नाहीत. तिसरीला कायद्यानं हात घातला तो कलम १३९ मधून. व्यक्ती असेल तर पाच वर्षांनी आणि फर्म असेल तर दहा वर्षांनी ऑडिटर बदलायचा. भीड साचू द्यायची नाही, असाच त्याचा अर्थ. पण ही सक्ती लिस्टेड आणि मोठ्या कंपन्यांना. खाजगी कंपनीचं भरणा भांडवल पन्नास कोटींच्या आत असेल आणि बँकांची कर्जं व ठेवीही पन्नास कोटींच्या आत असतील, तर तिला ती नाही. सिल्वासाच्या शेडमधल्या बहुतेक कंपन्या या आतल्याच. २०१८ मध्ये आलेल्या राष्ट्रीय वित्तीय अहवाल प्राधिकरणाची, एनएफआरएची नजरही मोठ्या आणि लिस्टेड कंपन्यांवर. म्हणून आमच्याकडे बापानं नेमलेला ऑडिटर मुलाच्या काळातही असतो. तो त्या घरच्या वास्तुशांतीला जाऊन आलेला असतो.

ऑडिटर कोणाचा नातेवाईक असू नये हे कायद्याला ठाऊक आहे. नातेवाईक म्हणजे कोण याची यादी नियमांत आहे: आई, वडील, मुलगा, सून, मुलगी, जावई, भाऊ, बहीण. भिडेची यादी करता येत नाही. कलम १४३(१२) चा मार्गच बघा. एक कोटी किंवा त्याहून मोठा अपहार वाटला, तर केंद्र सरकारला कळवायचं. पण त्याआधी दोन दिवसांत संचालक मंडळाला किंवा ऑडिट समितीला कळवायचं, त्यांच्या उत्तरासाठी पंचेचाळीस दिवस थांबायचं, मग पंधरा दिवसांत पुढे पाठवायचं. समोरच्याला म्हणणं मांडू द्यावं, हे न्याय्यच आहे. छोट्या खाजगी कंपनीत मात्र संचालक मंडळ म्हणजे नवरा-बायको किंवा दोन भाऊ. ते पंचेचाळीस दिवस ऑडिटर कोणाचे फोन घेत असतो, याची कल्पना करा.

भिडेचा आणखी एक कागद आहे: एनओसी. सीए कायद्याच्या पहिल्या अनुसूचीनुसार नव्या ऑडिटरनं काम घेण्याआधी जुन्या ऑडिटरला लेखी कळवावं लागतं. हेतू उत्तम: जुना का गेला हे नव्याला कळावं. रोजच्या भाषेत त्याचं ‘एनओसी देणं’ झालं, म्हणजे हरकत नसल्याची चिठ्ठी. ज्यानं हलका खोका पाहिला आणि म्हणून काम सोडलं, तो चिठ्ठीत काय लिहितो? ‘हरकत नाही.’ कारण आता कशाला कटुता. आणि तो खोका नव्या ऑडिटरकडे जातो.

इथे जोनाथन हाइट यांचा २००१ चा मुद्दा आणायला हवा. ते म्हणतात, माणूस आधी आतून कौल देतो आणि मग कारणं जुळवतो. कोलबर्ग मोजतो ती मागाहूनची वकिली. मॅक्स बेझरमन आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये ऑडिटरांबद्दल जवळपास हेच मांडलं: बहुतेक वाईट ऑडिट लबाडीतून येत नाहीत, ज्याच्याकडून फी येते त्याच्या बाजूनं नकळत झुकलेल्या मनातून येतात. पटतं मला. पण मग नैतिक शिक्षण फुकटच का? तसंही नाही. १९७५ मध्ये ब्लॅट आणि कोलबर्ग यांनी शाळेच्या वर्गांत पेचप्रसंगांवर खुली चर्चा घडवून पाहिली, तेव्हा काही मुलं खरोखर वरच्या पायरीची कारणं देऊ लागली. बदल माफक होता, पण होता. आमच्या इन्स्टिट्यूटच्या कार्यक्रमांत नीतीवरचं सत्र बहुतेक वेळा जेवणानंतर असतं आणि त्यात कलमं वाचून दाखवतात. चर्चा होत नाही. कोणी उठून ‘मी गप्प बसलो’ असं म्हणत नाही. मी स्वतः पंचवीस वर्षं म्हणालो नव्हतो.

मला जे सगळ्यात जास्त पोचलं ते गिलिगनच्या बाजूनं. भीड मोडून काढण्यावर माझा विश्वास उरलेला नाही. ज्याच्या मनात भीडच नाही असा ऑडिटर मला नको आहे. तो उद्या कामगाराच्या पीएफच्या थकबाकीवरूनही डोळे सहज फिरवील. अडचण अशी आहे की भिडेला चेहरा लागतो. स्टोअरकीपरकाकांना चेहरा होता, आणि डबा होता. त्या ताळेबंदावर कर्ज देणाऱ्या बँकेच्या ठेवीदारांना माझ्यापुरता चेहराच नव्हता. २०१९ मध्ये पीएमसीचे ठेवीदार पासबुकं हातात धरून रस्त्यावर उभे राहिलेले पाहिले, तेव्हा पहिल्यांदा तो दिसला. हजेरीपटावरची खोटी नावं तर त्याहून जवळची. ती तिथल्याच पाड्यांवरच्या माणसांची, ज्यांच्या जमिनींवर या शेड उभ्या आहेत आणि ज्यांचं नाव कागदावर कामाला जातं, पण ती माणसं जात नाहीत. आपल्याकडे ‘जनाची नाही तर मनाची’ म्हणतात. मला वाटतं मधे एक पायरी राहिली आहे: जे जन समोर नाहीत त्यांची. कोलबर्गची पाचवी पायरी मी तशी वाचतो, आणि ती डोक्यानं चढायची आहे असं मला वाटत नाही. ज्या माणसाची भीड वाटायला हवी तो आपल्याला दिसेल, अशी कामाची रचना करावी लागते.

म्हणजे काय, तर अगदी किरकोळ गोष्टी. बँकेच्या दाखल्याचं पत्र आर्टिकलनं स्वतः पाठवायचं आणि उत्तर ऑफिसच्या पत्त्यावर. कारखान्यात जाणाऱ्यांनी जेवण आपलं आपण न्यायचं. पाहुणचार नाकारायला तरुण मुलांना बळ लागतं, ते त्यांच्या हातातल्या डब्यानं मिळतं. मोजणीला जाताना दोघांनी जायचं, आणि दुसरा दर वर्षी नवा. कर्जदार कंपनी असेल तर फाइलच्या पहिल्या पानावर बँकेचं नाव आणि कर्जाची रक्कम मोठ्या अक्षरांत. काट्याशिवाय वजन लिहायचं नाही. आमच्या ऑफिसच्या मोजणीच्या कागदात मी पाच वर्षांपूर्वी ‘शेरा’ काढून तीन रकाने केले: किती खोके उघडले, किती काट्यावर ठेवले, आणि कोणी थांबवलं.

तिसऱ्या रकान्यात बहुतेक वेळा रेघ येते. गेल्या मार्चअखेरीस मसाटच्या एका गोदामातून आलेल्या आमच्या आर्टिकल मुलीनं तिथे लिहिलं होतं: ‘कोणी नाही. मीच थांबले. स्टोअरकीपरकाकांना बरं नव्हतं, शिडीवरून चढउतार होत नव्हती.’ तिला मी बोलावलं. ती घाबरली होती, तिला वाटलं रागावणार. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं गाडीनं गेलो. काकांना खुर्चीवर बसवलं, वजनं लिहायची वही त्यांच्याच हातात दिली. मधल्या रांगेतले अकरा खोके हमालांनी उतरवले, एकेक काट्यावर ठेवला, ती आकडा वाचत होती, काका लिहीत होते. अकराही भरलेले निघाले. मग तिनं बारावा मागितला.